जेवणाआधीची गोळी

छबुबाईंच्या मुठीतली जिलबी विजयमालानं एकेक बोट उलगडून काढली. सासूच्या बोटांत एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. पाक मनगटावरून ओघळत बांगड्यांपर्यंत गेला होता. जिलबी सुटली तरी मूठ पुन्हा पुन्हा मिटत होती, रिकामीच.

“आत्याबाई, काय करायलाव हे?” विजयमालानं आवाज खाली ठेवला होता, पण त्यात राग होता. “शुगर हाय ना तुमाला? आन् पाहुणे जेवायचेत अजून.”

छबुबाईंनी तिच्याकडं पाहिलं, पण ओळख पटल्यासारखं पाहिलं नाही. कपाळावर घाम डवरला होता, कुंकू भुवईपर्यंत उतरलं होतं आणि चोळी पाठीला चिकटली होती. माघातली दुपार होती, खिडकीतून गार वारा येत होता, तरीही. विजयमालाला वाटलं, सकाळपासून चुलीपुढं उभ्या आहेत, आला असेल घाम. तिनं सासूचा हात नळाखाली धरला, पाक धुतला, पदरानं पुसला आणि जिलबीची परात उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली.

बाहेर हॉलमध्ये सतरंज्यांवर पहिली पंगत बसली होती. कडा गावचे सुंदरराव आपल्या मुलासाठी वर्षाराणीला, म्हणजे विजयमालाच्या लेकीला, बघायला आले होते. बघायला म्हणायचं इतकंच, बघणं कधीच झालं होतं. आजचं जेवण पसंतीचं. पाहुणे यायचे होते बाराला आणि आले दोन वाजून गेल्यावर, कारण वाटेत त्यांना गेवराईत कुणाकुणाकडं चहा घ्यायचा होता. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मुलाकडच्यांनी उशीर करायचा असतो आणि मुलीकडच्यांनी हसतमुखानं हात जोडून उभं राहायचं असतं, एवढं आपल्याकडं सगळ्यांना पाठ असतं.

घर छबुबाईंच्या नवऱ्याचं, अर्जुनरावांचं; घरातले त्यांना आबा म्हणत. पंचायत समितीचे माजी सभापती, गोदाकाठची बागायत, दारात दोन गाड्या. पण अर्जुनरावांना खरी घमेंड होती ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती ते भाषणातसुद्धा सांगत. “आमच्या घरात शेवटचा पाहुणा हात धुवंस्तोवर कारभारीन तोंडात घास घालत न्हाई. लग्न होऊन आल्यापासून एकदा बी न्हाई.” यावर टाळ्या पडत. त्या बाई मग जेवतात तरी कधी, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

गेल्या दिवाळीपासून छबुबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. बाजार समितीच्या निकालानंतर कार्यकर्त्यांना जेवण दिलं, तेव्हा त्यांनी आमटी ताटाऐवजी सतरंजीवर ओतली. खंडोबाच्या जागरणाला मुलाला, म्हणजे विजयमालाच्या नवऱ्याला विजयसिंहला, त्याच्या मेलेल्या चुलत्याच्या नावानं हाक मारली आणि वाढता वाढता भिंतीला टेकून झोपूनच गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणीत. मग घरातल्या शहाण्यांनी त्यावर विचार केला. हे सगळं पाहुणे आले की होतं, पाहुणे नसले की म्हातारी शहाणी. म्हणजे एक तर चळ, नाही तर ढोंग. चळ असेल म्हणून नारायणगडाला जाऊन नारळ फोडून आले. ढोंग असेल म्हणून तिच्याशी बोलणं कमी केलं. डॉक्टरला दाखवायचं मात्र कुणी नाव काढलं नाही. डोक्याच्या डॉक्टरकडं गेलं की गावभर होतं, आणि घरात लग्नाची पोरगी होती. हे शेवटचं कारण विजयमालानं स्वतः पुढं केलं होतं.

भाकरीची टोपली घेऊन ती हॉलमध्ये आली तेव्हा छबुबाई तिच्या आधीच तिथं पोचलेल्या होत्या. हातात भाताचं पातेलं होतं, पण वाढायला पळी नव्हती. त्या सुंदररावांच्या पुढ्यात उभ्या होत्या आणि जराशा झुलत होत्या.

“सरक की बे,” त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण शब्द सगळ्यांना कळले. “किती खातू? मला बी बसू दे की.”

सुंदररावांचा घास हातातच राहिला. रांगेच्या टोकाला कुणीतरी हसू दाबलं. अर्जुनराव पंगतीत आग्रह करत फिरत होते, ते जागच्या जागी उभे राहिले आणि नातीच्या होणाऱ्या सासऱ्याकडं न बघता छताच्या पंख्याकडं बघू लागले.

विजयसिंह मात्र हसत पुढं झाला. ते हसू पाहुण्यांसाठी होतं. “आईची तब्येत बरी न्हाई जरा, वय झालंय. तुमी जेवा, जेवा.” एका हातानं त्यानं पातेलं घेतलं, दुसऱ्या हातानं आईचा दंड धरला आणि तिला मधल्या दारानं आत आणलं. आत आल्यावर हसू नव्हतं.

“पोरीचं वाटोळं करायचंय का तुला?”

छबुबाईंनी त्याला दोन्ही हातांनी ढकललं. कधी कुणाशी उंच आवाजात न बोललेली ही बाई, तिनं पोटच्या मुलाला असं ढकललं की तो ओट्यावर आदळला. हे पाहूनही कुणाच्या मनात आलं नाही की ही बाई आपली नेहमीची नाही, हिला काहीतरी झालंय. विजयसिंहनं तिला धान्याच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली.

“पाहुण्याचं उरकू दे,” तो म्हणाला. “मग बघू.”

स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं. विजयमालानंही पाहिलं, आणि कडी लागली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. वर्षाराणीसाठी आलेलं हे चौथं स्थळ होतं. आधीची तीन काही ना काही कारणानं गेली होती. हेही आजीच्या चळापायी गेलं असतं, तर तिनं सासूला जन्मात माफ केलं नसतं. तिनं टोपली उचलली आणि पुन्हा वाढायला गेली.

वाढताना तिला दार वाजताना ऐकू येत होतं. आधी जोरात, मग थांबून थांबून, मग डबा पडल्यासारखं काहीतरी. तिनं मधलं दार लोटून घेतलं. दार वाजत होतं तोवर ती वाढत राहिली. ‘अजून एक घ्या,’ ‘आमच्या हातचं एवढं तरी’, असं सगळं तोंडातून निघत होतं. मग वाजणं बंद झालं, आणि ते बंद झाल्यावर मात्र तिला राहवेना.

कडी काढली तेव्हा छबुबाई ज्वारीच्या पोत्यांमध्ये आडव्या पडलेल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, तोंडाच्या कोपऱ्याला फेस, घशातून घोरल्यासारखा आवाज. लुगडं ओलं झालं होतं. हात धरला तर गार आणि घामानं निसरडा. विजयमालानं गालावर चापट्या मारल्या, हाका मारल्या. काही नाही.

विजयसिंह दारापर्यंत आला आणि तिथूनच डोकावला.

“झोपली आसंल. जागरनाला बी आशीच झोपलती.”

“आवं, ही झोप हाय का?”

“पाहुणे उठू दे, गाडी काढतो.”

“आत्ता काढा.”

“दारात त्यांच्या गाड्या लागल्यात. काय सांगू त्यांना? आई येडी झाली, दवाखान्यात न्यायलो?”

विजयमालानं कमरेचा फोन काढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकशे आठ लावला. गावाचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. त्यानं तिला अडवलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. तो फक्त म्हणाला, “सायरन नको म्हनावं. आन् मागून, गोठ्याकडून.”

आई जमिनीवर पडलेली आणि मुलाला काळजी आवाजाची. असं घर कुठं पाहायला मिळणार नाही असं वाटेल, पण मिळतं. बाहेर त्या वेळी मठ्ठा वाढत होते.

रुग्णवाहिका गोठ्याकडून आली. चालक अजिनाथ आणि विजयसिंह यांनी मिळून छबुबाईंना स्ट्रेचरवर घेतलं. गाडीतली डॉक्टर, शिवानी, वर्षाराणीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. विजयसिंहनं तिला दोन वाक्यांत काम समजावून दिलं.

“डोक्याचा तरास हाय, लई दिसाचा. झोपेचं इंजेक्शन द्या, शांत हुईल.”

“शांतच आहेत की त्या,” शिवानी म्हणाली. “आणखी किती शांत करायचं?”

विजयसिंहला ते आवडलं नाही. पण आत पान-सुपारीची वेळ झाली होती. “हिला माहीत हाय सगळं,” असं बायकोकडं बोट दाखवून तो आत गेला.

गाडी हलली. शिवानीनं छबुबाईंना कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला.

“तोंडात काही घातलंत? पाणी, दूध?”

“न्हाई.”

“बरं केलंत. अशा अवस्थेत घालायचं नसतं, श्वासनलिकेत जातं.” बोलता बोलता तिनं बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला.

“त्यांना डोक्याचं हाय,” विजयमाला म्हणाली. नवऱ्यानं सांगितलेलंच ती सांगत होती, आणि सांगताना तिला ते स्वतःलाच पटत होतं. “पाहुणे आले की करतात आसं. दिवाळीपासून.”

“असेल. पण माणूस गोंधळलेला असो की बेशुद्ध, आधी साखर बघायची. बाकीचं मग.”

यंत्रावर आकडा आलाच नाही. नुसती दोन अक्षरं आली.

“लो,” शिवानी म्हणाली आणि हातानं पुढची काच ठोठावली. “अजिनाथ, बाजूला घ्या जरा. शीर धरायचीय.”

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. वाळूचा एक हायवा ट्रक एवढ्या जवळून गेला की गाडी हलली. शिवानीनं दंडाला पट्टा बांधला.

“लो म्हंजी काय, मॅडम?”

“यंत्राला मोजता येईल एवढीसुद्धा साखर नाही रक्तात. मेंदू चालणार कशावर? शुगरची गोळी चालू आहे?”

“हाय की. शुगर वाढलीय म्हनून तर.”

“आज घेतली?”

“घेतली आसंल. जेवनाच्या आधी घ्यायची हाय. कधी चुकवत न्हाईत त्या.”

“आणि जेवल्या कधी?”

शिवानीला शीर सापडत नव्हती. ती मनगटाकडं वळली, तिथं सापडली.

“बाई, मी विचारतेय. गोळी घेतल्यावर जेवल्या कधी?”

“पाहुणे जेवायचेत अजून,” विजयमाला म्हणाली.

म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं होतं, जेवणाच्या अर्धा तास आधी. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण अर्जुनरावांच्या घरात जेवण म्हणजे पुरुषांचं जेवण. सतरंजी अंथरली, ताटं मांडली की जेवण सुरू. छबुबाई ताटं मांडायला लागल्या की फडताळातून गोळी काढून घेत. रोज घरातले दोनच पुरुष जेवायचे आणि पटकन उठायचे, मग त्याही एका बाजूला बसून दोन घास खायच्या, आणि निभावून जायचं. पाहुणे असले की मात्र एकीवर एक पंगत. आज तर ताटं बारालाच मांडली होती आणि पाहुणे चहा पीत फिरत होते. गोळी आपलं काम चोख करत होती. ती साखर उतरवत होती, आणि पोटात भाकरीचा तुकडा नव्हता. पाहुणे आले की चळ लागतो, हे खरंच होतं. एवढं बरोबर पाहूनही सगळ्या घराला त्यातून ढोंगच दिसलं.

ग्लुकोजचं इंजेक्शन हळूहळू आत जात होतं. शिवानीचं एक बोट नाडीवर होतं. बराच वेळ काही झालं नाही, निदान विजयमालाला तो बराच वाटला. मग छबुबाईंच्या पापण्या हलल्या. घोरणं थांबलं. त्यांनी वर, गाडीच्या दिव्याकडं पाहिलं, मग शिवानीकडं.

“नाव काय तुमचं?”

“छबुबाई.” थोडं थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “अर्जुनरावाची मंडळी.”

“या कोण?”

छबुबाईंनी मान वळवली. “माझी सून हाय की. काऊन रडायली ती? काय झालं?”

विजयमाला रडत होती हे विजयमालाला आत्ता कळलं. तिनं पदरानं डोळे पुसले. रडण्यापेक्षा तिला दुसरंच काहीतरी जास्त होत होतं. दिवाळीपासूनची एकेक पंगत तिच्या डोळ्यांपुढं येत होती, आणि प्रत्येक पंगतीत ही बाई घामानं निथळत उभी होती, आणि प्रत्येक वेळी आपण तिथंच होतो. तिला नवऱ्याचा राग आला, सासऱ्याचा आला, उशिरा आलेल्या त्या सुंदररावांचा तर फारच आला. मग राग फिरून तिच्यापाशीच आला.

“पडायच्या आधी काही वेगळं वागत होत्या का?” शिवानीनं पुन्हा बोट टोचत विचारलं. “घाम, थरथर? गोड मागत होत्या?”

“जिलबी हातात होती त्यांच्या.” विजयमालानं सासूच्या मुठीकडं पाहिलं. “मी काढून घेतली.”

“का?”

“शुगर हाय म्हनून.”

शिवानीनं हातातली सुई डब्यात टाकली. ती रागावली होती आणि राग कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं, असं दिसलं. “गिळता येत होतं तोवर तीच जिलबी औषध होती,” ती म्हणाली. “शुगरच्या माणसाला असा घाम फुटला, तो काहीबाही बोलायला लागला, की आधी गोड द्यायचं. साखर, गूळ, जे हाताला लागेल ते. मग डॉक्टर. लक्षात ठेवा आता.”

“तू काढलीस व्हय?” छबुबाई सुनेला म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “मला वाटलं कुत्र्यानं नेली.”

पुढं अजिनाथ खोकला आणि त्यानं गाडी चालू केली.

गेवराईच्या दवाखान्यात त्यांना खिडकीजवळची खाट मिळाली. सलाइन लागलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उद्यापर्यंत ठेवायचं. या गोळीचा असर लवकर जात नाही, साखर पुन्हा उतरू शकते. आणि आता यांना जेवू घाला, खाली खाणावळ आहे. विजयमालानं वरण, भात आणि दोन पोळ्या आणल्या. छबुबाईंनी ताट मांडीवर घेतलं आणि तोंड भिंतीकडं केलं. परक्या लोकांपुढं खाण्याची त्यांना सवय नव्हती. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या नातेवाइकांशी बोलण्यात गुंग होती, तिचं इकडं लक्षही नव्हतं, तरी छबुबाई पदराआड घास घेत होत्या.

विजयसिंहचा फोन आला.

“आली का शुद्धीवर?”

“आली. डोक्याचं काय न्हाई त्यांना. उपाशी होत्या.”

“म्हंजी?”

“उपाशी. गोळी घेतली आन् उपाशी. त्यानं साखर उतरली, म्हनून तसं बोलल्या, म्हनून पडल्या. दर टायमाला हेच झालंय.”

पलीकडून विजयसिंहचा सुटकेचा श्वास इतका स्पष्ट ऐकू आला की विजयमालालाही आशा वाटली.

“मग शुगर लो झालती म्हन की. लई बरं झालं. सुंदररावला आत्ता सांगतो. त्यांना बी हाय शुगर, त्यांना कळंल. मी उगं घाबरलो, म्हनलं येडाचं निघतंय आन् सोयरीक मोडतीया.” तो जवळजवळ हसत होता. “आता आसं कर. डॉक्टरला इचार, जेवल्यावर घ्यायची गोळी आसंल की एखादी. ती लिहून घे. म्हंजी पाहुण्याच्या टायमाला घोळ न्हाई. समद्याचं आवरलं, जेवली, की मग गोळी.”

विजयमालानं खिडकीबाहेर पाहिलं. “आन् त्याच आधी जेवल्या तर?”

“आधी म्हंजी?”

त्याला खरोखरच कळलं नव्हतं. ते त्याच्या आवाजातच होतं.

“पाहुण्याच्या आधी. पहिल्या पंगतीत.”

“काय बी बोलू नको. आबानं आयकलं तर जीव जाईल त्यांचा.”

“आज जातच होता एकाचा,” विजयमाला म्हणाली आणि फोन ठेवला. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. नवऱ्याचा फोन आपण होऊन तिनं कधी ठेवला नव्हता.

छबुबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ताटातला भात बोटानं सारखा केला.

“खरं हाय त्याचं,” त्या म्हणाल्या. “तसली गोळी भेटली तर बरं पडंल.”

ही बाई मरणाच्या दारातून आली होती आणि तरी ज्यांनी तिला तिथवर पोचवलं त्यांचीच सोय बघत होती. विजयमालाला वाटलं, तिला गदागदा हलवावं. तिनं फक्त पेल्यात पाणी ओतून पुढं केलं.

मग वर्षाराणीचा फोन आला. पोरगी कुजबुजत होती, पण आनंद लपत नव्हता.

“मम्मी, आजी कशीय?”

“बरी हाय. जेवायली.”

“मम्मी, पसंत पडलं. सुपारी फोडायचं म्हणायलेत. आन् त्यांच्या आई सगळ्यांसमोर काय म्हणाल्या माहितेय? म्हणाल्या, बघतेय मी, आल्यापासून पोरीनं पाण्याचा घोट घेतला न्हाई, पायाला भिंगरी लावून वाढायली. आमच्या घराला अशीच पायजे. आबा इतके खूश झाले.”

विजयमालाला पोरीचा तो नवा आवाज ओळखीचा होता. तिचा स्वतःचा होता तो, पंचवीस वर्षांपूर्वीचा.

“जेवलीस का तू?”

“मी कुठं. आत्ता बायकांची पंगत बसायलीय. त्यांच्या आई, आत्या सगळ्या. त्यांचं झालं की ड्रायव्हर लोकं, मग आपल्या बायका.”

“वर्षा, ताट घे.”

“वाढायलाच घ्यायलेय की.”

“वाढायला न्हाई. सोताला ताट घे आन् त्यांच्या आईच्या शेजारी बस. त्याच पंगतीला. वाढायला दुसऱ्या हायत.”

पोरीच्या मागं भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी चटणी मागत होतं.

“मम्मी, आत्ताच तर त्या तसं म्हणाल्या. सगळे बघतील. पप्पा हितंच उभेयत.”

“बघू दे.”

“मोडलं तर?”

विजयमालानं खाटेचा लोखंडी गज धरला. हे चौथं स्थळ. मुलगा नोकरीला, घर खातंपितं, पोरीला मनापासून आवडलेला. दुपारी याच स्थळासाठी तिनं एका दाराची कडी लागू दिली होती. आपण काय बोलायला निघालोय ते तिला नीट माहीत होतं, आणि उद्या पोरगी आपल्याला काय काय म्हणेल, तेही.

“मोडू दे,” ती म्हणाली. “फोन ठिवू नको. तसाच राहू दे.”

बराच वेळ नुसते आवाज येत राहिले. पावलं, बायकांचं बोलणं. मग एक ताट खाली ठेवलं गेलं. बायकांचं बोलणं थांबलं. मग लांबून विजयसिंहचा आवाज, “वर्षा, हितं काय बसलीस, भाकरी सरल्यात तिकडं,” आणि त्यावर कुणाचंच काही नाही.

“काय झालं?” छबुबाईंनी विचारलं. “काय म्हनायली पोरगी?”

“बसलीय जेवायला. पाहुण्यांच्या पंगतीला.”

छबुबाई सुनेकडं बघत राहिल्या. भिंतीकडं केलेलं तोंड त्यांनी कधी वळवलं होतं, ते दोघींनाही कळलं नाही. ताट मांडीवरून खाली ठेवून, सलाइन लावलेला हात जपत, त्यांनी दुसरा हात पुढं केला. विजयमालानं फोन त्यांच्या कानाला लावला.

“वर्षा,” छबुबाई म्हणाल्या. “हळू जेव माय. कुनी ऊठ म्हनलं तरी उठू नको.”